छातीखालचा फुगवटा आणि त्यात आलेले यकृत: रुग्णाने काय करावे, काय टाळावे

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘हर्नियाच्या पिशवीत यकृताचा भाग’ असे शब्द वाचले की घरात एकाच वेळी तीन मते तयार होतात. एकाला तो कॅन्सर वाटतो. दुसरा म्हणतो, हर्नियाच तर आहे, पट्टा बांधा आणि विसरून जा. तिसरा रातोरात मुंबईची गाडी ठरवायला निघतो. रत्नागिरी, लांजा, राजापूर, चिपळूण, दापोली भागातले वाचक या बाबतीत जे प्रश्न विचारतात, त्यांत हा गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. म्हणून निर्णय घ्यायला जेवढे लागते तेवढेच इथे क्रमाने मांडले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. मोठ्या माणसाच्या पोटाच्या भिंतीतून यकृत, म्हणजे लिव्हर, बाहेर येणे फार दुर्मीळ आहे. हर्नियात बहुतेक वेळा आतड्याचे वेटोळे किंवा पोटातल्या चरबीचा पडदा उतरतो. यकृत जड असते, वर श्वासपटलाला बंधांनी बांधलेले असते, ते सहसा जागा सोडत नाही. त्यामुळे ते हर्नियात असेल असे तपासणाऱ्याच्याही लवकर मनात येत नाही. गाठ चरबीची किंवा पू झालेली समजली जाते, तिच्यात सुई घातली जाते किंवा चीर दिली जाते. यकृत रक्ताने भरलेले असते, आणि खरा धोका तिथे सुरू होतो. पोटाच्या वरच्या भागात, जुन्या ऑपरेशनच्या व्रणावर आलेल्या गाठीला नीट तपासणी झाल्याशिवाय कोणालाही सुई किंवा चाकू लावू देऊ नका. या लेखातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढे नक्की ठेवा.

ही गाठ कोणाला येऊ शकते

बायपास किंवा झडपेच्या ऑपरेशनसाठी छातीचे मधले हाड कापतात. ती चीर खाली जिथे संपते तिथे हाड संपून पोटाचे स्नायू सुरू होतात. रक्त-पाणी काढण्याच्या नळ्यांची भोकेही त्याच भागात पाडलेली असतात. खोकताना, उठताना, श्वास घेताना या जागेवर सतत ताण येतो, त्यामुळे ती नीट सांधली गेली नाही तर उसवते. यकृताचा डावा भाग नेमका तिच्या मागे असतो. भोक पडले की तो पुढे सरकतो.

आपल्या जिल्ह्यातली बरीच माणसे हृदयाचे ऑपरेशन मुंबईत करून विश्रांतीसाठी गावी येतात. पहिले दोन-तीन महिने घरचे जपतात. मग आंब्याचा हंगाम लागतो, चार-पाच डझनांची पेटी उचलावी लागते, बागेत घळ घेऊन आंबे उतरवावे लागतात, होडी ओढायला हात लावावा लागतो. गाठ कधी काही महिन्यांनी दिसते, कधी काही वर्षांनी. ‘ऑपरेशन तर केव्हाच झाले, त्याचा आता काय संबंध’ असे वाटते, पण संबंध असतो.

याशिवाय पुढील लोकांनी लक्ष ठेवावे:

- पित्ताशय, जठर किंवा यकृताचे ऑपरेशन उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यावर मोठी चीर देऊन झालेले लोक.
- अपघातात पोट उघडावे लागलेले लोक.
- ऑपरेशननंतर टाक्यांत पू झाला होता किंवा टाके उसवले होते असे लोक.
- वजन जास्त, मधुमेह, जुना खोकला किंवा दमा, बराच काळ स्टिरॉइडच्या गोळ्या, कायम बद्धकोष्ठ किंवा प्रोस्टेटमुळे लघवीला जोर करावा लागणे. यांतली एकाहून अधिक कारणे जुळली तर शक्यता वाढते.

घरी काय पाहावे

डॉक्टरांकडे जाण्याआधी रुग्णाला उभे करून एक फोटो काढा, खोकायला लावून दुसरा, आडवे झोपवून तिसरा. गाठीशेजारी मोजपट्टी धरा. फोटोवर तारीख लिहून ठेवा. चार महिन्यांनी गाठ वाढली की तेवढीच आहे हे अंदाजाने सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

पुढच्या गोष्टी नोंदवा: झोपल्यावर गाठ आत जाते का, दीर्घ श्वास घेतला की ती वर-खाली सरकते का, जेवल्यावर दुखते का, तिच्यावरच्या कातडीचा रंग कसा आहे. यकृत श्वासाबरोबर हलते, म्हणून दुसरा मुद्दा डॉक्टरांना उपयोगी पडतो. तरी त्यावरून घरच्या घरी निदान करू नका.

आता काय करायचे नाही ते. गाठ चोळू नका, तेल लावून मालिश करून घेऊ नका, जोर लावून आत ढकलू नका, डाग देऊ नका. औषधाच्या दुकानातला पट्टा आपल्या मनाने घट्ट आवळू नका. पट्ट्याने भोक बुजत नाही. भोक अरुंद असेल आणि अडकलेला भाग आत गेलेला नसताना वरून पट्टा आवळला, तर तो भाग आणखी चेमटतो. डॉक्टरांनी तपासून सांगितला तर मात्र पट्टा जरूर वापरा. ऑपरेशन करता येत नाही अशा वयस्कर माणसांना त्याचा आधार वाटतो.

या लक्षणांत वाट पाहायची नाही

- नेहमी आत जाणारी गाठ अचानक घट्ट होऊन बाहेरच राहिली.
- गाठीत सतत, वाढत जाणारी कळ.
- गाठीवरची कातडी लाल, निळसर किंवा काळपट.
- उलट्या, पोट फुगणे, वारा आणि शौच दोन्ही बंद.
- ताप, डोळे पिवळे होणे, थंड घाम, चक्कर.

यांतले काहीही दिसले तर १०८ ला फोन करा. रुग्णाला खायला-प्यायला काही देऊ नका, कारण तातडीने भूल द्यावी लागू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर घ्या.

बायपास झालेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या रुग्णांच्या घरच्यांना एक वेगळी सूचना. छातीखाली, पोटाच्या वरच्या खड्ड्यात दुखायला लागले तर ते हर्नियाचेच आहे असे गृहीत धरू नका. हार्ट अटॅकचे दुखणे पुष्कळदा तिथेच जाणवते. आधी ईसीजी काढा, मग गाठीचे बोला.

तपासणी: सोनोग्राफीवर थांबू नका

सोनोग्राफी पहिली पायरी म्हणून ठीक आहे, ती स्वस्त आहे आणि तालुक्याला होते. पण वरच्या पोटातल्या गाठीत चरबी आहे, आतडे आहे की यकृत, हे ठरवायला आणि भोक किती मोठे आहे ते मोजायला सीटी स्कॅन लागतो. यकृताचा संशय असेल तर या खर्चात काटकसर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ऑपरेशनचा सगळा आराखडा त्या चित्रावर ठरतो.

स्कॅनच्या आधी शिरेतून औषध देतात. मूत्रपिंडाचा आजार, मागे एखाद्या औषधाची ॲलर्जी, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी यांतले काही असेल तर तंत्रज्ञाला आणि डॉक्टरांना आधीच सांगा. क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून जा. गाठ झोपल्यावर आत जात असेल तर तेही सांगा. तुम्हाला पोटाला जोर लावायला सांगून चित्र घेता येते, नाहीतर गाठ आत गेलेली असताना स्कॅन होतो आणि रिपोर्ट अर्धवट येतो.

रिपोर्ट हातात आला की त्यात पुढील गोष्टी आहेत का ते पाहा, नसतील तर विचारा:

- भोकाची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये.
- यकृताचा कोणता भाग किती बाहेर आला आहे, त्याचा रक्तपुरवठा नीट दिसतो का.
- सोबत आतडे, जठर किंवा पित्ताशय आहे का.
- पोटात पाणी आहे का, यकृताला आधीचा काही आजार दिसतो का.

कागदी फिल्मबरोबर सीडी किंवा पेन ड्राइव्हवर मूळ चित्रेही मागून घ्या. दुसऱ्या शहरात मत घ्यायला गेलात तर सर्जनला ती लागतात, आणि पुन्हा स्कॅनचा खर्च वाचतो. यकृताच्या कार्याची रक्ततपासणी याच वेळी करून ठेवा.

ऑपरेशन करायचे की वाट पाहायची

यकृत हर्नियात आले आहे एवढ्या कारणाने उद्याच ऑपरेशन करावे लागते असे नाही. या दुखण्याचे रुग्ण जगभर थोडे असल्यामुळे सगळ्यांना लागू होईल असा एकच ठरलेला नियम नाही. निर्णय रुग्णागणिक होतो. साधारण विचार असा केला जातो:

*वाट पाहणे.* भोक रुंद आहे, गाठ मऊ आहे, झोपल्यावर आत जाते, त्रास नाही, आणि रुग्णाचे हृदय किंवा फुप्फुस भूल सोसण्याइतके चांगले नाही, तर लक्ष ठेवून राहणे हा उपचारच आहे. सहा महिन्यांनी तपासणी, वरची धोक्याची लक्षणे घरातल्या सगळ्यांना पाठ, आणि वजन-खोकला आटोक्यात.

*तयारी करून ऑपरेशन.* गाठ वाढते आहे, दुखते आहे, भोकाचे तोंड अरुंद आहे किंवा आतडेही उतरते आहे, आणि रुग्ण भूल सोसू शकतो, तर ऑपरेशन करून घेणे हिताचे. यात यकृत हलकेच सोडवून आत बसवतात आणि भोकावर जाळी लावतात. जाळी भोकाच्या सगळ्या बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर पुढे जाईल एवढी मोठी असावी असे मानतात. भोक मोठे असेल तर पोटाच्या स्नायूंचे थर सोडवून ते मध्यावर आणावे लागतात. ऑपरेशन दुर्बिणीतून होते किंवा चीर देऊन, दोन्ही मार्ग योग्य असू शकतात.

*तातडीचे ऑपरेशन.* आवळलेला भाग, आतड्याचा अडथळा, रक्तस्राव. इथे पर्याय उरत नाही.

तयारी करून ऑपरेशन ठरले तर मधले आठवडे वाया घालवू नका. विडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद हवी. मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे. घरातल्या बायका डॉक्टरांना ‘व्यसन नाही’ असे सांगतात आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात, ते आवर्जून सांगा. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, म्हणजे एचबीए१सी, बहुतेक सर्जन आठच्या आत आलेली पाहू इच्छितात. खोकल्याचा, बद्धकोष्ठाचा, प्रोस्टेटचा इलाज आधी करून घ्या, नाहीतर नवी जाळीही त्याच जोराने सुटेल. आणि ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा झडप बसवलेल्यांची रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. ती कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतील.

सर्जनना विचारायचे प्रश्न

संकोच करू नका. चांगल्या सर्जनना हे प्रश्न आवडतात.

- वरच्या पोटातल्या, छातीच्या हाडाजवळच्या हर्नियाची ऑपरेशने तुम्ही करता का?
- यकृत जुन्या व्रणाला चिकटलेले निघाले तर ते सोडवताना रक्तस्राव होऊ शकतो. रक्ताची सोय काय आहे?
- जाळीचा वरचा काठ कसा पक्का करणार? या जागी श्वासपटल आणि त्याच्या लगेच वर हृदय असते. तिथे खिळ्यांसारखे टाके मारताना हृदयाच्या आवरणाला इजा होण्याचा धोका असतो, म्हणून हा प्रश्न जरूर विचारा.
- ऑपरेशननंतर अतिदक्षता विभागात ठेवावे लागले तर तो याच रुग्णालयात आहे का?
- काही केले नाही तर माझ्या बाबतीत काय होईल असे तुम्हाला वाटते?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शांतपणे ऐका. त्यावरून घाई खरी आहे की नाही ते कळते.

रत्नागिरीत कुठे, बाहेर कधी

पहिली तपासणी, रक्त, सोनोग्राफी यांसाठी लांब जायची गरज नाही. दापोली, कामथे आणि कळंबणी इथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. रत्नागिरी शहरात जिल्हा शासकीय रुग्णालय आहे, आणि २०२३ पासून त्याला जोडून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. घरून बाहेर पडता येत नसेल तर सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर मोबाइलवरून डॉक्टरांशी मोफत बोलता येते. कागद दाखवून पुढची दिशा ठरवायला ते पुरेसे असते, गाठ तपासायला नाही.

हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग एका छपराखाली हवे असतील तर कोल्हापूर, मुंबई किंवा पुण्याचा विचार करावा लागतो. बायपास जिथे झाली तिथेच आधी विचारा, कारण छातीची तार, जुनी चीर, नळ्यांची जागा याची नोंद त्यांच्याकडे असते.

तारीख ठरवताना पावसाळा मोजा. जून ते सप्टेंबर आंबा घाट कधी दरड पडून अडेल सांगता येत नाही, परशुराम घाटाचेही तेच, आणि कोकण रेल्वेच्या गाड्या या काळात कमी वेगाने धावतात. घाई नसलेले ऑपरेशन दिवाळीनंतर घेतले तर आंब्याच्या हंगामाच्या आत विश्रांतीही पुरी होते. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे जड उचलायचे नाही. पेटी, घागर, गॅसचा सिलिंडर, नातवंड, सगळे यात आले. चालायला मात्र दुसऱ्या दिवसापासून लागा. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरून खोका.

यकृताचा आजार असलेल्यांची बेंबी

हे वेगळे दुखणे आहे, पण वाचक दोन्हींत गल्लत करतात. दारूमुळे, काविळीच्या विषाणूमुळे किंवा चरबीमुळे यकृत आकसलेले असेल तर पोटात पाणी साठते. त्या दाबाने बेंबी फुगून बाहेर येते. यात यकृत बाहेर आलेले नसते, पाणी किंवा आतडे असते.

इथे धोका कातडीचा असतो. बेंबीवरची कातडी पातळ, चकचकीत, काळसर झाली किंवा तिथे फोड, खपली आली तर लगेच दाखवा. ती फुटून पाणी वाहू लागले तर स्वच्छ कापडाने झाकून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जंतूसंसर्ग पोटभर पसरून जीव जाऊ शकतो. बेंबीवर टाका मारून घरी पाठवणाऱ्याकडे थांबू नका. आधी पोटातले पाणी आटोक्यात, मग हर्निया, असा क्रम असतो. त्यासाठी पोटविकारतज्ज्ञ लागतात. मीठ कमी, दारू पूर्ण बंद.

बाळाच्या पोटाबाहेर यकृत

यकृत पोटाबाहेर असण्याचा जास्त ओळखीचा प्रकार नवजात बाळांत दिसतो. बेंबीच्या जागी पोटाची भिंत बनतच नाही, आणि पातळ पारदर्शक पिशवीत आतडी, काही वेळा यकृत, बाहेर राहते. हा दोष साधारण चार-पाच हजार जन्मांत एकाला असतो. यकृत बाहेर असलेला मोठा प्रकार त्याहून कमी.

आधी एक भीती दूर करू. बाळाची बेंबी नाळ पडल्यावर फुगते, रडले की टम्म होते, वर कातडी असते. हा साधा बेंबीचा हर्निया, बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप मिटतो. त्यावर नाणे बांधायची गरज नाही, त्याने कातडी मात्र सडते.

मोठा दोष गर्भातच कळू शकतो. बाराव्या आठवड्यापर्यंत बाळाचे आतडे काही काळ नाळेत असणे नैसर्गिक आहे, त्यामुळे फार लवकरच्या सोनोग्राफीवर निर्णय करू नका. यकृत बाहेर दिसणे मात्र कोणत्याही आठवड्यात नैसर्गिक नाही. म्हणून अठरा ते वीस आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी चुकवू नका. दोष दिसला तर पुढील पावले:

- बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी आणि गुणसूत्रांची तपासणी. अशा बाळांपैकी निम्म्याहून अधिकांत आणखी काही दोष असतो, आणि बाळाचे भवितव्य पोटाच्या भोकापेक्षा त्या दोषांवर जास्त ठरते. विशेष म्हणजे, यकृत बाहेर असलेल्या प्रकारात गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता फक्त आतडे बाहेर असलेल्या प्रकारापेक्षा कमी असते.
- बाळांचे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनशी प्रसूतीआधी भेट. मुंबईत परळच्या वाडिया बालरुग्णालयात किंवा मोठ्या महापालिका रुग्णालयांत ही सोय आहे.
- प्रसूती तिथेच करायची ठरले तर चौतीस-छत्तीस आठवड्यांनाच मुक्काम हलवा. पावसात, कळा सुरू झाल्यावर घाट ओलांडायची वेळ येऊ देऊ नका. यकृत असलेली मोठी पिशवी असेल तर ती फुटू नये म्हणून बहुतेकदा सिझेरियन सुचवतात.

गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय त्या आईचा आहे. कायद्याने गंभीर दोषाच्या कारणासाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, त्यापुढे वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे, नवऱ्याची किंवा सासरच्यांची सही लागत नाही. आणि दुसरा कोणताही मोठा दोष नसलेली पुष्कळ बाळे उपचारांनी चांगली जगतात, हेही तिला तितक्याच स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

कोणाला आधी कळलेच नाही आणि बाळ असे जन्मले, तर पिशवी आत दाबू नये, हळद, तेल, राख काही लावू नये. निर्जंतुक कोमट सलाइनने भिजवलेल्या गॉजने झाकून, वर स्वच्छ प्लास्टिक गुंडाळून, बाळाला ऊबेत ठेवून जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात न्यायचे. वाटेत पिशवीवर ताण येऊ द्यायचा नाही. पोहोचल्यावर रक्तातली साखर तपासायला सांगा, काही बाळांत ती अचानक खाली जाते.

मोठ्या पिशवीचे ऑपरेशन लगेच होत नाही. यकृत एकदम आत बसवले तर बाळाचा श्वास कोंडतो. पिशवीवर रोज औषध लावून वर कातडी धरू देतात, त्याला आठवडे, कधी महिने लागतात, आणि पोटाची भिंत वर्षभराने किंवा नंतर जुळवतात. आयोडीनचे औषध वापरत असतील तर बाळाच्या थायरॉइडची तपासणी होते आहे ना, ते विचारा. डॉक्टर काहीच करत नाहीत असे वाटून बाळाला घरी नेऊ नका, हीच या उपचाराची पद्धत आहे.

खर्च कोण देते

- *महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना.* आयुष्मान भारतशी जोडलेली ही योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना लागू आहे. पांढरे रेशनकार्डही चालते. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते, भरतीआधी तिथे रेशनकार्ड आणि आधार दाखवा. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात, म्हणून खाजगी रुग्णालयात जाण्याआधी तुमचे ऑपरेशन तिथे योजनेत बसते का ते विचारून घ्या. मंजुरी येण्याआधी भरलेले पैसे परत मिळवणे कठीण जाते. चौकशी आणि तक्रार: १५५३८८.
- *एक वर्षाखालचे आजारी बाळ.* जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात तपासण्या, औषधे, रक्त आणि वाहतूक मोफत आहे. गाडीसाठी १०२ किंवा १०८.
- *धर्मादाय रुग्णालये.* मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी ठेवणे बंधनकारक आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो गावाहून निघतानाच घ्या. तिथल्या सामाजिक कार्यकर्त्याला भेटा. नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते.
- *खाजगी विमा.* बहुतेक पॉलिसींत हर्नियाला पहिली दोन वर्षे संरक्षण नसते. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीने दाद दिली नाही तर विमा लोकपालांकडे अर्ज करता येतो, त्याला शुल्क नाही.

तुमचे हक्क

तातडीच्या रुग्णाला पैसे भरले नाहीत म्हणून प्रथमोपचार नाकारता येत नाहीत, सरकारी असो वा खाजगी. संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत समजावून मगच सही घ्यायला हवी. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा तुमचा अधिकार आहे, त्यासाठी रिपोर्ट अडवून ठेवता येत नाहीत. महाराष्ट्राच्या २०२१ च्या नियमांनुसार खाजगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असे लावायचे आहे, आणि बिलासाठी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवायला मनाई आहे. तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

उपचारांची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची, असा डॉक्टरांसाठीचा नियम आहे. पण भरती रुग्णाच्या नोंदी जपण्याची सक्ती तीन वर्षांपुरतीच आहे. तुमची बायपास किंवा पित्ताशयाचे ऑपरेशन त्याआधी झाले असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद आज ना उद्या तुमच्याकडेच मागितली जाईल. ते कागद शोधा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि एक प्रत मुंबईतल्या मुलाला किंवा मुलीलाही पाठवून द्या.